झाकली मूठ

काल रात्री सव्वाअकराला तुझा फोन आला आणि पलीकडून नुसते हुंदके, मागे कूलरची घरघर. माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, धुळ्याला आईला काही झालं. पाच मिनिटांनी कळलं की घरचे सगळे ठणठणीत आहेत, घोळ आहे तो जळगावच्या एका वसतिगृहाच्या मेसच्या पैशांचा. आधी हायसं वाटलं, मग तुझा राग आला. घोळाचा नाही गं. घोळ तुला शुक्रवारी कळला आणि मला मंगळवारी, त्याचा.

काल झोपेत धड बोलता आलं नाही, म्हणून आज लिहून पाठवतेय. मोबाइलवर वर-खाली करत वाचू नकोस. लॅपटॉप उघड, शेजारी तुझा कोड ठेव, आणि हो, आधी चहा घे.

काल आपण दोघींनी नक्की काय केलं ते आठव. तू सांगत होतीस की सतरा मुलींचे पैसे कापले गेले, पडद्यावर ‘नोंदणी यशस्वी’ आलं आणि मेसच्या यादीत त्यांची नावंच नाहीत. ‘ताई, सर्व्हर स्लो असेल’, ‘ताई, पेमेंटवाल्यांचंच काहीतरी असेल’, अशी चार दिवस तू स्वतःचीच समजूत घालत होतीस. मी तुला तुझ्या कोडमधल्या, चूक पकडायच्या त्या रिकाम्या कॅचच्या कंसात एकच ओळ लिहायला लावली: आलेली चूक जशीच्या तशी छाप. मग म्हटलं, आता फॉर्म भर. तू भरलास, आणि सगळं सुरळीत झालं. मग विचारलं, त्या सतरा जणींत आणि बाकीच्या मुलींत फरक काय? तू पेमेंटच्या डॅशबोर्डवरची यादी चाळलीस आणि एकदम गप्प झालीस. सतराही जणींनी आपलं नाव मराठीत लिहिलं होतं.

पुन्हा फॉर्म भरलास, या वेळी देवनागरीत, आणि टर्मिनलवर ती ओळ उमटली. कोणता रकाना ते सांगून, ही अक्षरं इथे चालत नाहीत अशी मायएसक्यूएलची सरळ तक्रार. कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टची टेबलं तुम्ही उचलून आणली होती, ती लॅटिन-वन या अक्षरसंचातली. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपर्यंत काही सांगितलं नाही तर तोच संच मिळायचा. २०१८ मध्ये ८.० आली तेव्हा कुठे तो बदलून यूटीएफ-८ झाला. चाचणी करताना ऑफिसात सगळ्यांनी नावाच्या रकान्यात ‘टेस्ट टेस्ट’ लिहिलं, तेही इंग्रजीत. जळगावात बसून, खान्देशातल्या मुलींच्या मेसचा फॉर्म बनवताय, आणि एकालाही मराठीत नाव लिहून पाहावंसं वाटलं नाही! असो, त्यावर समोरासमोर भांडेन.

आज सांगायचं ते वेगळंच आहे. दुखणं कुठे आहे ते डेटाबेस सतरा वेळा बोट ठेवून सांगत होता, आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवला होतास.

हात का ठेवलास तेही मला ठाऊक आहे. तुमचा सर्व्हर नोडवरच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कवर चालतो, आणि तुमच्याकडे त्याची चौथी आवृत्ती आहे. तिच्यात असिंक फंक्शनच्या आत काही फेकलं गेलं की एक्सप्रेसला त्याचा पत्ताच लागत नाही. ब्राउझर गोल गोल फिरत बसतो. आणि नोडच्या पंधराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, असं न झेललेलं रिजेक्शन अख्खी प्रोसेसच पाडतं. तुमचा सर्व्हर सारखा पडायला लागला, त्यातच ग्राहकासमोर डेमो, आणि सर म्हणाले, ‘स्क्रीनवर लाल काही दिसता कामा नये.’ तू ते शब्दशः घेतलंस. भोवती ट्राय घातलंस, खाली कॅच रिकामं ठेवलंस, त्याच्या खाली ‘यशस्वी’ लिहिलंस. लाल दिसेनासं झालं. सरांनी शाबासकीही दिली असेल.

आपल्या घरी आपल्याला हेच तर शिकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुण्यांसमोर फाटकी चादर आत, मार्क कमी पडले तर काकूला सांगू नको, पडलीस तर आधी इकडेतिकडे बघ कुणी पाहिलं का, मग रड. मुलींना तर जरा जास्तच. माणसांच्या जगात या म्हणीचा कधी उपयोग होतही असेल, मला शंका आहे, पण सर्व्हरवर ती म्हण चालवलीस की हमखास तोटा. तिथे झाकलेल्या मुठीत सव्वा लाख नसतात, सतरा पोरींच्या मेसचे पैसे असतात.

तू लहान होतीस, तुला कदाचित आठवणार नाही. साक्रीकडे आजोळी गेलो की आबा मला पाटावर घेऊन जायचे. पांझरेच्या काठची ती फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावोगावी छोटे बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाळीपाळीने. तीन-चारशे वर्षांची चाल, सरकारी पाटबंधारे खातं जन्मायच्या कितीतरी आधीची, गावानेच चालवलेली. पाट सांभाळायला पाटकरी, शेतात पाणी भरायला बारेकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. पाणी तुटीचं असलं तर तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची.

तर त्या पाटाला ठरावीक जागी सांडवे असत. वरून जादा पाणी आलं, पुढे कुठे अडलं, की ते सांडव्यावरून ओढ्यात उतरणार आणि ओढ्यातून पुन्हा नदीला. त्याखेरीज पाटाच्या काठात असत खेकड्यांची बिळं. पाणी त्यातूनही जायचंच. आबा काठीने ती बिळं दाखवत म्हणायचे, “सांडवानं पानी दखास, बीळनं दखास नहीं.” सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की लांबून आवाज येतो, पाटकरी धावतो. बिळातून गेलेलं पाणी कुणालाच दिसत नाही. वर पाटकरी म्हणतो, मी पाळी पूर्ण सोडली. खाली शेवटच्या शेतात वाफा कोरडा. मग दोघांची भांडणं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तुझं रिकामं कॅच म्हणजे ते खेकड्याचं बीळ. पेमेंटवाले म्हणतात पैसे पोचले, मेसवाल्या मावशी म्हणतात यादीत नाव नाही, आणि दोघंही खरं बोलताहेत.

आता मिडलवेअर हा शब्द ऐकून घाबरू नकोस. ब्राउझरकडून आलेली विनंती ही पाण्याची पाळी समज. ती पाटाने येते. वाटेत एक जण तिची नोंद करतो, दुसरा सेशन बघतो, तिसरा लॉगिन तपासतो, चौथा आलेला मजकूर सोडवून मांडतो, आणि मग ती तुझ्या शेतात, म्हणजे तू लिहिलेल्या फंक्शनमध्ये पोचते. ही मधली माणसं म्हणजे मिडलवेअर. प्रत्येकाने आपलं काम करून पुढच्याला हाक मारायची, ती हाक म्हणजे ‘नेक्स्ट’. चूक कुठल्याही टप्प्यावर होऊ शकते. प्रत्येक टप्प्यावर आपापलं बीळ पाडायचं की सगळ्या पाटाला मिळून एक चांगला, बांधीव सांडवा ठेवायचा, एवढाच प्रश्न आहे.

सांडवा कुठे बांधायचा यावर मात्र नीट लक्ष दे, कारण इथे भलेभले चुकतात. एक्सप्रेसमध्ये तू ‘नेक्स्ट’ला चूक हातात देऊन पाठवलीस की ती खालच्या दिशेने वाहत जाते. साधी मिडलवेअर ओलांडते आणि चूक झेलणारी पहिली मिडलवेअर मिळेल तिथे थांबते. म्हणून एक्सप्रेसमध्ये तो सांडवा सगळ्यांत शेवटी, सगळ्या रूट्सच्या खाली. याउलट एएसपी डॉटनेट कोअरमध्ये किंवा कोआमध्ये पाणी तुंबलं की फुगवटा मागे येतो, वरच्या अंगाला. तिथे चूक पकडणारा सगळ्यांत वर, पहिल्या नंबरावर बसवावा लागतो, म्हणजे त्याच्या पोटातले सगळे त्याच्या नजरेखाली येतात. जँगो तर प्रत्येक टप्प्याला आपणहून असं आवरण घालतं, आणि लारावेलमध्ये एकच घर ठरलेलं आहे, तिथे कळवायचं काय आणि दाखवायचं काय हे वेगवेगळं लिहायचं. तुमच्या ऑफिसात निम्मे प्रोजेक्ट लारावेलचे आणि निम्मे एक्सप्रेसचे, म्हणून मुद्दाम सांगितलं. एकाची सवय दुसरीकडे नेलीस की सांडवा कोरडाच राहणार.

एक्सप्रेसच्या चूक झेलणाऱ्या फंक्शनची आणखी एक खोड. ते चार आर्ग्युमेंट्स मोजून ओळखलं जातं: चूक, विनंती, उत्तर आणि नेक्स्ट. नेक्स्ट वापरत नाहीस म्हणून एडिटर तक्रार करतो, तू नीटनेटकेपणाने तो काढून टाकतेस, उरले तीन, आणि एक्सप्रेस त्याला साधं मिडलवेअर समजून चूक त्याच्या डोक्यावरून पुढे नेतं. कुठलीही सूचना येत नाही. मी यात एक अख्खी दुपार घालवलीय, पुण्यात, माझ्या दुसऱ्या नोकरीत. वर त्या दिवशी उपवास होता.

एक्सप्रेसची आवृत्ती पाच २०२४ मध्ये आली, चौथीनंतर तब्बल दहा वर्षांनी. तिच्यात असिंक फंक्शनमधली चूक आपोआप नेक्स्टकडे जाते. चौथीतच राहणार असाल तर प्रत्येक असिंक फंक्शनला एक छोटं वेष्टण घाला, जे पकडेल आणि नेक्स्टला देईल. पण अवेट लावायला विसरलीस तर पाचवीही तुला वाचवणार नाही. ते पाणी पाटातच आलं नाही, सांडव्यावर कुठून येणार?

मग तू म्हणशील, ताई, कॅच लिहायचंच नाही का? लिहायचं. पण जिथे तुला त्या चुकीचं काही करता येतं तिथेच. ओटीपी चुकला, मेसच्या जागा संपल्या, जन्मतारीख पुढच्या वर्षाची टाकली, या चुका नाहीतच खरं तर. ही नेहमीची माणसं आहेत, येणार हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. त्यांच्यासाठी आपले स्वतःचे एररचे प्रकार कर, त्यांना त्यांचे आकडे दे: ४२२, ४०९ वगैरे. समोरच्याला कळेल असं एक वाक्य लिही आणि सांडव्याकडे पाठव. बाकी जे अनोळखी येईल, म्हणजे डेटाबेस बसला, नसलेल्या गोष्टीला हात घातला, रकाना मराठी घेईना, त्याला ओळख दाखवायला जाऊ नकोस. ५०० दे, पूर्ण नोंद कर, थांब. ‘बहुतेक ठीक असेल’ म्हणून पुढची ओळ चालवणं हा सगळ्यांत महाग प्रकार. तू नेमकं तेच केलंस.

धुळ्याला शनिवारी एसटीने येतेस ना? एरंडोलच्या अलीकडे गाडी बंद पडली होती तुमची मागच्या महिन्यात. कंडक्टरने काय केलं? खाली उतरून सांगितलं, गाडी पुढे जात नाही. मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवला आणि तुम्हाला त्याच तिकिटावर तिच्यात बसवलं. पुन्हा पैसे मागितले नाहीत. डेपोला कळवलं ते वेगळ्याच भाषेत, तुम्हाला क्लच प्लेटचं काही समजावत बसला नाही. आता समज त्याने दार उघडून म्हटलं असतं, ‘चला, धुळं आलं, उतरा.’ तू सतरा जणींना तसं उतरवलंस.

म्हणून सांडव्यावर दोन वेगळी पत्रं लिहायची असतात. एक लॉगमध्ये, आपल्यासाठी: चूक काय, कुठल्या ओळीवर, कुठल्या रूटवर, कुणाची विनंती, किती वाजता. त्यात पासवर्ड, आधार क्रमांक, कार्डाचा नंबर असलं काही चुकूनही नको. लॉग कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. दुसरं पत्र समोरच्या माणसासाठी. ‘काहीतरी चुकले’ एवढंच वाक्य मला आवडत नाही. ते वाचून माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? बटण पुन्हा दाबतो. पैशांच्या पानावर तर स्पष्ट लिही: ‘तुमची नोंद पूर्ण झाली नाही. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. हा क्रमांक सांगून आम्हाला फोन करा.’ आणि तो क्रमांक दोन्ही पत्रांत एकच ठेव. तो लांबलचक, छत्तीस अक्षरांचा नको. रावेरहून कुणाचे वडील फोनवर वाचून दाखवतील असा, पाच-सहा आकड्यांचा. आत्ता तुमच्याकडे देखरेख म्हणजे ग्राहकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट आणि खाली ‘सर हे येत आहे’. त्या स्क्रीनशॉटमध्ये निदान तो क्रमांक तरी दिसेल.

पैशांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तू काल म्हणालीस, ‘ताई, पाच दिवसांत आपोआप परत येतात ना?’ येतात, पण कधी ते समजून घे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचल्याची पुष्टीच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. नंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना तीच मुदत एक दिवसाची. मला हे परिपत्रक फार आवडतं, कारण त्यात गृहीतच धरलंय की व्यवहार फसणार, आणि फसला की कुणी, किती दिवसांत, काय करायचं ते लिहून ठेवलंय. एरर हँडलिंग म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पण तुझ्या सतरा जणींना ते लागू नाही. बँकेच्या दृष्टीने त्यांचा व्यवहार यशस्वी झाला. पैसे संस्थेच्या खात्यात पडले. फसली ती तुझी नोंद. त्यामुळे पाच दिवसच काय, पाच महिने थांबलीस तरी ते पैसे कुठूनही आपोआप परत येणार नाहीत. चार दिवस तू त्याचीच वाट पाहत बसली होतीस.

यातून एक कायमचा धडा घे. पैसे मागायला पाठवण्याच्या आधी आपल्या वहीत ‘प्रलंबित’ अशी नोंद कर. ही नोंद आधी केली असतीस तर मराठी नाव पैसे जायच्या आधीच अडलं असतं आणि सगळं शून्य रुपयांत उरकलं असतं. मग पेमेंटवाल्यांचा निरोप आला की तिचं ‘पूर्ण’ कर. तो निरोप दोनदाही येऊ शकतो, म्हणून व्यवहार क्रमांक बघ, एकदा झालेलं पुन्हा करू नकोस. आणि रोज रात्री एकदा त्यांची यादी आणि आपली वही समोरासमोर ताडून पाहा. जळगावच्या सराफाकडे दुकान बंद करताना माल आणि वही जुळवल्याशिवाय कुलूप लागत नाही. तुझ्या दुकानाला एवढं तरी हवं.

आता उलटी बाजू. चूक झाकायची नाही म्हणजे चव्हाट्यावर मांडायची असंही नाही. डीबग चालू ठेवून साइट लोकांसमोर सोडायची ही आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांची दुसरी सवय. जँगोचं ते पिवळं पान, लारावेलचं ते देखणं पान, सगळा स्टॅक, फायलींचे रस्ते, सेटिंग्ज, जगाला उघडी. २०२१ मध्ये लारावेलच्या त्याच देखण्या पानातल्या, इग्निशनमधल्या, एका भोकातून बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता, डीबग चालू असेल तर. एक्सप्रेससुद्धा नोडला ‘प्रॉडक्शन’ सांगितलं नाही तर स्टॅक ब्राउझरला पाठवून देतं. आज संध्याकाळी तुमच्या सर्व साइट्सची ही एक सेटिंग बघून घे. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि लॉगिन तपासणाऱ्या मिडलवेअरमध्ये कॅच लिहून त्यात ‘नेक्स्ट’ म्हटलंयस का कुठे, तेही बघ. टोकन तपासताना काही बिनसलं तर ‘जाऊ दे पुढे’. जागल्याला झोप लागली म्हणून फडाचं कवाड उघडं ठेवण्यासारखं आहे ते. शंका आली की दार बंद. ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने आपल्या धोक्यांच्या २०२५च्या यादीत अपवादात्मक परिस्थिती नीट न हाताळणं हा प्रकार दहाव्या क्रमांकावर घेतलाय, त्यात हेही येतं.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुला एकटीला वाईट वाटणार नाही. पहिल्या नोकरीत मी चूक झाली की दिसणारं पान फार हौसेने सजवलं होतं. वर कंपनीचा मेनू, खाली पत्ता, मधे गोड चित्र. तो मेनू मी डेटाबेसमधून आणत होते. एके दिवशी डेटाबेस बसला. सगळ्या विनंत्या माझ्या सुंदर पानाकडे आल्या, पान मेनू आणायला डेटाबेसकडे गेलं, तिथे पुन्हा चूक, आणि लोकांना दिसलं पांढरंफटक पान. लॉगही डेटाबेसमध्येच लिहीत होते, त्यामुळे तोही गेला. मी तीन तास नेटवर्कवाल्यांना दोष देत बसले. तेव्हापासून माझं ते पान साध्या फायलीत असतं, दोन ओळी आणि एक फोन नंबर, बस. आग विझवायचा बंब ज्या गोडाऊनला आग लागू शकते त्याच गोडाऊनमध्ये ठेवू नये, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

तर आता उद्याचं. सरांना सकाळी ऑफिस उघडायच्या आधी फोन कर, व्हॉट्सअॅप नको. रडत बोलायचं नाही, सफाईही द्यायची नाही. काय झालं, कधीपासून, किती जणींना, कारण काय सापडलं, काय दुरुस्त केलं, काय बाकी आहे, एवढं या क्रमाने सांग. ओरडतील. ओरडू दे. त्यांनी ‘लाल दिसता कामा नये’ म्हटलं होतं, ते त्यांनाही आठवेल, तू आठवण करून द्यायची गरज नाही. दोष निम्मा त्यांचा आहे असं माझं मत. तुझा कोड कुणी वाचलाच नाही, नव्या मुलीच्या हातात पैशांचं पान एकटीच्या भरवशावर दिलं. पण ती निम्मी बाजू मी मांडेन कधीतरी, तू तुझी निम्मी मांड.

मग टेबलाचा अक्षरसंच बदल, आधी बॅकअप घेऊन. पेमेंटच्या यादीवरून सतरा नोंदी हाताने भर आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. त्यातल्या दोघींनी घाबरून पुन्हा पैसे भरलेत म्हणालीस, त्यांचे जादाचे परत करायला संस्थेला लेखी दे, त्याच दिवशी. मेसवाल्या मावशींना तू स्वतः जाऊन सांग. त्यांना सर्व्हरचं काही सांगू नकोस, एवढंच सांग की या मुलींनी पैसे भरलेत, चूक आमची, यांना जेवायला वाढा. गेले चार दिवस कुणी पोरगी परीक्षेच्या तोंडावर उपाशी तर राहिली नाही ना, हे मला तुझ्या कोडपेक्षा जास्त खुपतंय.

आणि ते रिकामं कॅच. बाकीच्या फायलींमध्ये शोध, आणखी सापडतील. माझ्या अंदाजाने दहा तरी. सापडलेली यादी मला पाठव.

आईला मी आज सकाळीच सगळं सांगून टाकलं. तिला त्यातलं मेसचं तेवढं कळलं. म्हणाली, आखाजीच्या सणाला दोन दिवस रजा मिळते का बघ म्हणावं पोरीला, निंबाला झोका बांधून ठेवलाय.